‘जेव्ही करू या’ असा प्रस्ताव आला तर: व्हेंचर, जॉइंट व्हेंचर आणि व्हेंचर कॅपिटल यांचा नवख्यांसाठी मार्गदर्शक

व्यवसायात नव्याने उतरणाऱ्या माणसाच्या कानावर ‘व्हेंचर’ हा शब्द निरनिराळ्या तोंडून पडतो. जमिनीचा एजंट म्हणतो, “विकू नका, बिल्डरशी जेव्ही (जॉइंट व्हेंचर) करा.” ओळखीचा ठेकेदार म्हणतो, “अनुभवाचा दाखला तुमचा, मशिनरी माझी. या टेंडरपुरती जेव्ही करू.” ॲप तयार करणारा मित्र व्हेंचर कॅपिटल उभे करण्याच्या गोष्टी करतो, आणि रस्त्याकडेच्या गृहप्रकल्पाच्या फलकावर ‘अ व्हेंचर बाय अमुक ग्रुप’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. या चारही ठिकाणी एक गोष्ट समान आहे: पैसा, जागा किंवा श्रम आज गुंतवायचे असतात आणि फळ मिळेल की नाही याची खात्री कोणालाही देता येत नाही. पुढचे सगळे मात्र वेगळे असते. तोटा कोणाच्या खिशातून जाणार, निर्णय कोण घेणार आणि बाहेर पडताना हाती काय राहणार, हे प्रत्येक व्यवहारात नव्याने ठरते. पुढील पायऱ्या लहान व्यापारी, जमीनमालक आणि ठेकेदार यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत.

पहिली पायरी: शब्द कोणत्या अर्थाने वापरला आहे ते ओळखा

नुसता ‘व्हेंचर’ म्हणजे जोखीम पत्करून हाती घेतलेला व्यवसाय. त्यामागे कंपनी असेल, भागीदारी असेल किंवा एकट्या माणसाचे दुकानही असेल. दोन किंवा अधिक स्वतंत्र पक्ष एका ठरावीक कामासाठी एकत्र येतात आणि बाकीचे आपापले धंदे वेगळेच ठेवतात, तेव्हा त्याला जॉइंट व्हेंचर म्हणतात. सरकारी मराठीत त्यासाठी ‘संयुक्त उपक्रम’ हा शब्द रूढ आहे. व्हेंचर कॅपिटल हा मात्र भांडवलाचा एक प्रकार आहे. त्यात गुंतवणूकदार वाढीची शक्यता असलेल्या नव्या कंपनीत हिस्सा घेतो आणि ती बुडाली तर त्याचे पैसेही बुडतात.

फलकावरच्या ‘अ व्हेंचर बाय’ला कायदेशीर वजन जवळजवळ नसते. ग्राहकाशी करार करणारी संस्था बहुधा त्या प्रकल्पापुरती स्थापन केलेली वेगळी कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) असते, आणि ज्या ‘ग्रुप’चे नाव ठळक छापलेले असते तो करारात पक्षकार असेलच असे नाही. महाराष्ट्रात हे तपासणे सोपे आहे. ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा, क्यूआर कोड छापणे बंधनकारक आहे. तो मोबाइलने स्कॅन करावा आणि प्रवर्तक (प्रमोटर) म्हणून कोणाचे नाव नोंदलेले आहे ते वाचावे.

हा शब्द आपण स्वतः वापरतानाही सावध राहावे. मेव्हण्याच्या नव्या हॉटेलच्या पाटीवर कौतुकाने ‘आमच्या फर्मचे व्हेंचर’ असे लिहू दिले आणि त्या भरवशावर एखाद्या पुरवठादाराने उधारीवर माल दिला, तर भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम २८ चा आधार घेऊन तो आपल्याकडे वसुलीसाठी येऊ शकतो. आपण भागीदार आहोत असे जो भासवतो किंवा जाणूनबुजून भासवू देतो, त्याला भागीदारासारखेच जबाबदार धरण्याची तरतूद त्या कलमात आहे.

दुसरी पायरी: नाव बाजूला ठेवून तीन प्रश्न विचारा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि तिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. प्रश्न असे: निर्णय दोघांनी मिळून घ्यायचे आहेत का? तोटा झाला तर तो दोघांना सोसायचा आहे का? उपक्रमाची मालमत्ता आणि देणी दोघांची आहेत का? कंपनी अधिनियम, २०१३ मध्ये ‘सहयोगी कंपनी’ची व्याख्या करताना जॉइंट व्हेंचरचे जे स्पष्टीकरण दिले आहे, त्याचा गाभाही संयुक्त नियंत्रण आणि निव्वळ मालमत्तेवरील हक्क हाच आहे. तिन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असेल, तर कागदाच्या माथ्यावर काहीही लिहिलेले असले तरी व्यवहार दुसराच आहे असे समजावे.

सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिल्लीतील एका प्रकरणात नेमका हाच विचार केला. एका घरमालकाने आपले जुने घर पाडून नवी इमारत बांधण्यासाठी बिल्डरशी करार केला होता. तळमजला मालकाला मिळावा, वरचे मजले बिल्डरने घ्यावेत आणि शिवाय काही रोख रक्कम द्यावी, असे ठरले होते. बांधकामातील त्रुटी आणि अपुऱ्या राहिलेल्या पूर्ततेबद्दल मालक ग्राहक मंचाकडे गेला, तेव्हा हा संयुक्त उपक्रम आहे, म्हणून मालक हा ग्राहक नव्हे, अशी भूमिका बिल्डरने घेतली. न्यायालयाने कराराचे शीर्षक नव्हे तर आतील अटी पाहिल्या. बांधकामावर मालकाचे नियंत्रण नव्हते, व्यवहारात एकमेकांचे प्रतिनिधित्व नव्हते, आणि नफ्यातोट्याची वाटणीही नव्हती. जमिनीतील हिश्श्याच्या मोबदल्यात बिल्डर मालकाला बांधकामाची सेवा देत होता. म्हणून मालक ग्राहकच ठरतो आणि केवळ ‘जॉइंट व्हेंचर’ किंवा ‘कोलॅबरेशन’ असे शब्द वापरल्याने व्यवहार संयुक्त उपक्रम होत नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला.

पुणे, नाशिक किंवा ठाण्याच्या आसपास जमीन असलेल्या कुटुंबांनी हा निकाल आपल्या वकिलाकडून अवश्य समजावून घ्यावा, कारण बोलीभाषेत ज्याला सर्रास ‘जेव्ही’ म्हणतात तो व्यवहार पुष्कळदा साधा विकसन करार असतो. त्यात जमीनमालकाला ठरावीक क्षेत्रफळ किंवा विक्रीच्या रकमेचा ठरावीक टक्का मिळतो. मात्र मालक ग्राहक ठरू शकतो म्हणून प्रकल्पातून तो पूर्णपणे मोकळा राहतो, असेही नाही. उत्पन्नात किंवा क्षेत्रफळात हिस्सा घेणाऱ्या जमीनमालकाचे नाव महारेरा प्रवर्तकांमध्ये नोंदवून घेते. आपण कोणत्या नात्याने नोंदले जाणार आहोत आणि त्यातून कोणती जबाबदारी येते, हे सही करण्यापूर्वी लेखी घ्यावे. कुलमुखत्यारपत्रात विक्रीचे अधिकार सरसकट देऊ नयेत. बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे आणि फक्त बिल्डरच्या हिश्श्यापुरते द्यावेत.

तिसरी पायरी: उपक्रमाला कायदेशीर शरीर द्या

भारतात ‘जॉइंट व्हेंचर’ नावाने नोंदणी होत नाही. उपलब्ध चौकटींपैकी एक निवडावी लागते, आणि निवड टाळली तर कायदा ती आपल्यासाठी करतो. ती बहुधा आपल्याला नको असलेली असते.

काम एकच असेल आणि लवकर संपणार असेल तर नुसत्या करारावर भागते. मात्र करारात “आम्ही भागीदार नाही” असे लिहिले म्हणून भागीदारी टळत नाही. भागीदारी आहे की नाही हे ठरवताना पक्षांमधील खरे नाते पाहावे, असे भागीदारी अधिनियमाचे कलम ६ सांगते. कलम ८ प्रमाणे एखाद्या विशिष्ट साहसापुरती किंवा उपक्रमापुरतीही भागीदारी होऊ शकते, आणि वेगळे ठरलेले नसेल तर ते काम पूर्ण होताच अशी भागीदारी विसर्जित होते, असे कलम ४२ मध्ये म्हटले आहे. थोडक्यात, आंब्याच्या एका हंगामापुरते दोन व्यापारी एकत्र आले, खरेदी-विक्री मिळून केली आणि नफा वाटून घेतला, तर कागद केलेला नसला तरी ते त्या हंगामापुरते भागीदार ठरू शकतात. मग कलम २५ लागू होते: फर्मच्या देण्यांसाठी प्रत्येक भागीदार इतरांसह आणि एकटाही जबाबदार असतो. पेटीवाल्याचे पैसे दुसऱ्याने थकवले तरी पेटीवाला तुमच्या घरी येईल आणि कायदा त्याला अडवणार नाही.

खासगी मालमत्तेवर ही टांगती तलवार नको असेल, तर २००८ च्या कायद्याखालील एलएलपी किंवा खासगी कंपनी यांचा विचार करावा. एलएलपीमध्ये आपसातील व्यवस्था कराराने हवी तशी ठरवता येते. बाहेरचा गुंतवणूकदार आणायचा असेल किंवा हिस्से पुढे विकायचे असतील, तर कंपनी सोयीची पडते. दोन्हींत जबाबदारी मर्यादित असते हे खरे असले, तरी बँक कर्ज देताना संचालकांची वैयक्तिक हमी मागते, आणि ती दिली की त्या कर्जापुरती मर्यादा उरत नाही.

सरकारी निविदांमधील जेव्ही हा स्वतंत्र प्रकार आहे. तेथे निविदेच्या अटींतच सहसा संयुक्त आणि वैयक्तिक उत्तरदायित्व घातलेले असते. म्हणजे कामात तुमचा हिस्सा वीस टक्के असला आणि मुख्य भागीदार अर्ध्यात पळून गेला, तर विभाग शंभर टक्के कामासाठी तुमच्याकडे बोट दाखवू शकतो. फक्त अनुभवाचा दाखला ‘भाड्याने’ देऊन दोन-तीन टक्के घेणारे जे लोक आहेत, त्यांनी आपण प्रत्यक्षात काय विकत आहोत याचा हिशेब एकदा मांडावा. माझ्या मते हा व्यवसायातला सर्वांत स्वस्तात विकला जाणारा धोका आहे.

चौथी पायरी: कोणी काय आणले ते किमतीसह लिहा

रोख रकमेचा प्रश्न येत नाही. ती बँकेच्या पासबुकात दिसते. भांडणे होतात ती रोख नसलेल्या वाट्यावरून. निफाडमध्ये दोघांनी मिळून द्राक्षांचे शीतगृह काढायचे ठरवले, असे धरा. एकाची रस्त्यालगतची जागा आणि दुसऱ्याचे साठ लाख रुपये. करारात “दोघांचा हिस्सा निम्मा-निम्मा” एवढेच लिहिले, तर पुढील प्रश्न अनुत्तरित राहतात: जागा उपक्रमाच्या नावावर झाली की फक्त वापरायला दिली? सातबाऱ्यावर नाव कोणाचे? जागेची किंमत किती धरली? पाच वर्षांनी उपक्रम बंद पडला आणि तोवर जमिनीचा भाव दुप्पट झाला, तर ती वाढ कोणाची? त्याऐवजी असे लिहावे: “जागा पहिल्या पक्षाच्याच मालकीची राहील, उपक्रमाला ती पंधरा वर्षांच्या नोंदणीकृत भाडेपट्ट्याने दिली आहे, भाडे दरमहा अमुक, मुदत संपल्यावर इमारतीची किंमत स्वतंत्र मूल्यांककाकडून ठरवून दोघांत वाटली जाईल.” वाक्य रुक्ष आहे, पण चारही प्रश्नांची उत्तरे त्यात आहेत.

“नफा-तोटा समान” हे वाक्यही असेच फसवे आहे. तोटा होतो तेव्हा पैसा नव्याने घालावा लागतो, आणि तो घालण्याची ऐपत दोघांची सारखी नसते. म्हणून जादा भांडवल लागल्यास ते कोण, किती दिवसांत आणि कोणत्या मर्यादेपर्यंत देईल, आणि एकाने दिले नाही तर दुसऱ्याने घातलेली रक्कम कर्ज धरायची की त्याचा हिस्सा वाढवायचा, हे आधीच ठरवावे.

पाचवी पायरी: टक्केवारीमागचे नियंत्रण समजून घ्या

कंपनीच्या रूपातील उपक्रमात ५१, २६ आणि ५० हे आकडे वारंवार येतात. अर्ध्याहून अधिक मते असतील तर साधारण ठराव मंजूर करून घेता येतो. विशेष ठरावाला मात्र विरोधी मतांच्या किमान तिप्पट मते लागतात, म्हणजे पंचाहत्तर टक्के. म्हणून ज्याच्याकडे पंचवीस टक्क्यांहून थोडा अधिक हिस्सा आहे, तो नियमावली बदलण्यासारखे मोठे निर्णय रोखू शकतो. २६ टक्क्यांचे महत्त्व येथून येते. १९८२ मध्ये भारत सरकारच्या मारुती उद्योगशी सुझुकीने करार केला, तेव्हा तिचा हिस्सा २६ टक्केच होता. १९९२ मध्ये तो ५० टक्क्यांवर गेला, आणि २००७ मध्ये सरकार त्यातून पूर्ण बाहेर पडले. लहान हिश्श्याने आत आलेला पक्ष पुढे मालक होऊ शकतो, याचे याहून परिचित उदाहरण आपल्याकडे नाही.

निम्मा-निम्मा हिस्सा ऐकायला न्याय्य वाटतो. मतभेद झाला की त्यात गाडी अडते, कारण कोणाचेच बहुमत नसते. तसा हिस्सा ठेवायचाच असेल, तर कोंडी फोडण्याची रीत करारात हवी. दोघांना मान्य अशा तिसऱ्या व्यक्तीकडे प्रश्न सोपवणे ही एक रीत. दुसरी अशी, की एका पक्षाने हिश्श्याचा भाव सांगायचा आणि त्याच भावाने विकायचे की विकत घ्यायचे, हे दुसऱ्याने ठरवायचे. ही दुसरी रीत दिसायला चोख असली, तरी ज्याच्याकडे रोकड जास्त त्याच्या ती सोयीची असते; दुबळ्या पक्षाने ती सहसा स्वीकारू नये.

सहावी पायरी: आत शिरण्यापूर्वी बाहेर पडण्याचे ठरवा

लग्नाच्या बोलणीत काडीमोडाचा विषय काढू नये असे आपल्याकडे मानतात, आणि तोच संकोच लोक धंद्यातही बाळगतात. येथे तो महाग पडतो. जपानच्या एनटीटी डोकोमो या दूरसंचार कंपनीने २००९ मध्ये टाटा टेलिसर्व्हिसेसमध्ये सुमारे २६ टक्के हिस्सा घेतला, तेव्हा बाहेर पडण्याची अट करारात होती: ठरलेली उद्दिष्टे साधली नाहीत, तर मूळ किमतीच्या निम्मी रक्कम किंवा बाजारमूल्य यांपैकी जे जास्त असेल ते मिळावे. २०१४ मध्ये डोकोमोने बाहेर पडण्याचा निर्णय घेतला, परंतु अशा आधी ठरवलेल्या किमतीने परदेशी गुंतवणूकदाराला पैसे देण्यास रिझर्व्ह बँकेने संमती दिली नाही. प्रकरण लंडनमधील लवादाकडे गेले. लवादाने २०१६ मध्ये डोकोमोला सुमारे १.१७ अब्ज डॉलर देण्याचा निवाडा दिला आणि २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो अमलात आणण्याचा मार्ग मोकळा केला. एवढ्या मोठ्या कंपन्यांना, स्पष्ट अट लिहिलेली असूनही, तीन वर्षे लागली. नियामकाची परवानगी लागणारी अट असेल, तर ती परवानगी न मिळाल्यास काय करायचे, हेही म्हणून लिहावे लागते. परदेशात राहणारा भाऊ किंवा मित्र आपल्या उपक्रमात पैसे घालणार असेल, तर परकीय चलनाचे हेच नियम लहान प्रमाणात आपल्यालाही लागू होतात.

बाहेर पडल्यावर नावाचे काय, हा प्रश्नही याच पायरीचा आहे. हिरो होंडाची १९८४ ची भागीदारी संपवण्याची घोषणा २०१० मध्ये झाली आणि पुढच्याच वर्षी कंपनीला हिरो मोटोकॉर्प हे नाव घ्यावे लागले. दुकानाच्या पाटीवर दोघांची आडनावे जोडताना हे आठवावे. वेगळे झाल्यावर “त्याने हाच धंदा करू नये” अशी अट घालण्याची अनेकांना हौस असते, पण करार अधिनियमाचे कलम २७ व्यवसायास प्रतिबंध करणारे करार सामान्यतः शून्य ठरवते. नावलौकिकाची विक्री आणि भागीदारीतील काही प्रसंग यांना अपवाद आहेत. त्यांत आपली अट बसते का, ते वकिलाकडून पाहून घ्यावे.

सातवी पायरी: कराचा विचार सहीच्या आधी करा

आयकर कायद्यात ‘व्यवसाय’ या शब्दात व्यापाराच्या स्वरूपाचे एखादे साहसही येते, मग ते एकदाच केलेले का असेना. गिरणीला लागून असलेली जमीन पुढे तिलाच विकण्याच्या हेतूने घेतली आणि काही वर्षांनी नफ्याने विकली, हा व्यवहार सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये असेच व्यापारी साहस ठरवला होता. चार मित्रांनी मिळून प्लॉट घेऊन लगेच विकण्याचा बेत असेल, तर मिळणारी रक्कम भांडवली नफा न ठरता व्यवसायाचे उत्पन्न ठरू शकते, आणि चौघांकडे एक ‘व्यक्तिसमूह’ म्हणून पाहिले जाण्याचीही शक्यता असते. व्यक्तिसमूहाचे पॅन आणि विवरणपत्र वेगळे असते. ठेकेदारांच्या जेव्हींबाबत प्रत्यक्ष कर मंडळाने २०१६ च्या परिपत्रकात खुलासा केला आहे: प्रत्येक सदस्य आपल्या वाट्याचे काम आपल्या साधनांनी आणि आपल्या जोखमीवर करतो, नफातोटा ज्याचा त्याचा असतो आणि व्यवस्थापन एक नसते, अशा ठिकाणी व्यक्तिसमूह मानला जाऊ नये. म्हणून कामांची वाटणी करारात लिहावी आणि प्रत्यक्षातही तशीच ठेवावी.

विकसन करार करणाऱ्या व्यक्तींना आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना २०१७ पासून एक सवलत आहे: करार नोंदणीकृत असेल, तर भांडवली नफ्यावरील कर करार केला त्या वर्षी न लागता पूर्णत्वाचा दाखला मिळेल त्या वर्षी लागतो. आपल्या वाट्याच्या सदनिका त्याआधीच विकून टाकल्या, तर मात्र ही सवलत राहत नाही.

व्हेंचर कॅपिटल हवे असेल तर

हा पैसा हप्त्याने फेडायचा नसतो, म्हणून तो फुकट वाटतो. भारतातील असे निधी सेबीच्या २०१२ च्या पर्यायी गुंतवणूक निधी नियमांखाली पहिल्या श्रेणीत नोंदवले जातात आणि त्यांनाही ठरावीक मुदतीत आपल्या गुंतवणूकदारांचे पैसे परत करायचे असतात. आयुष्यभर शांतपणे चालेल अशा खानावळीत किंवा किराणा दुकानात त्यांना रस नसतो, आणि त्यात दुकानदाराचा कमीपणाही नाही. करारात सर्वांत आधी परताव्यातील प्राधान्याची अट वाचावी. गुंतवणूकदाराने दोन कोटी देऊन वीस टक्के हिस्सा घेतला आणि कंपनी पुढे तीन कोटींना विकली गेली, तर टक्केवारीने त्याला साठ लाख मिळायला हवेत. एकपट प्राधान्याची अट असेल, तर तो आधी आपले दोन कोटी काढून घेतो आणि ऐंशी टक्क्यांच्या मालकासाठी एक कोटी उरतो. नव्या कंपन्यांच्या चढ्या भावाने विकलेल्या समभागांवर लागणारा, ‘एंजल टॅक्स’ म्हणून ओळखला जाणारा कर २०२४ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला. जुनी पुस्तके आणि जुने व्हिडिओ पाहून त्याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

काम संपल्यावर

टेंडरपुरत्या जेव्हीत शेवटचे बिल मिळाले की लोक बँक खाते बंद करून मोकळे होतात. सुरक्षा अनामत मात्र दोषदायित्वाचा कालावधी (कामातले दोष ठेकेदाराने दुरुस्त करून देण्याची मुदत) संपल्यावर, रस्त्यांच्या कामात तर काही वर्षांनी, जेव्हीच्याच नावाने परत येते. ती जमा होऊन तिची वाटणी होईपर्यंत खाते, पॅन आणि दोघांपैकी एकाचा सहीचा अधिकार चालू ठेवावा. जीएसटी नोंदणी रद्द करताना अखेरचे विवरणपत्र दाखल करावे. आपसातील हिशेब पूर्ण झाल्याची पावती दोघांच्या सह्यांनी तयार करावी, आणि त्या कालावधीत दुरुस्ती निघाल्यास खर्च कोणी करायचा, हे त्याच कागदावर लिहून ठेवावे.